पदके : कित्ता

रोज सकाळी साडेसातला म्हातारा कोट चढवून आरशासमोर उभा राहायचा, आणि रोज सकाळी साडेसातला त्या घरात भांडण व्हायचं. घड्याळ चुकेल, पण हे चुकायचं नाही.

"आमची पदकं कुठे ठेवलीस?"

"बाबा, पदकं नाहीत हो. कधी नव्हतीच."

"दोन होती. दोन! विकलीस ना? खरं सांग."

लेक शिवणयंत्रावरून उठायची, कपाट उघडून दाखवायची, खण ओढून दाखवायची, गादी उलटी करून दाखवायची. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, गल्लीत काजं-बटणं आणि रफू करून मानानं जगणारी, आणि सकाळी सकाळी बापाच्या तोंडून चोर ठरायची. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिनं कात्रीच उगारली असती. बापाला काय उगारणार? ती मोरीत जाऊन नळ सोडायची आणि रडून घ्यायची.

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, की आता अलीकडचं अलीकडचं पुसत जाईल आणि मागचं मागचं वर येईल. झालंही तसंच. म्हाताऱ्याला लेकीचं नाव आठवेना. तो तिला 'सिस्टर' म्हणायचा, लष्करी दवाखान्यातली नर्स समजून. पण रुग्णगाडीचा दुसरा गिअर कसा अडकायचा, तो कोपरानं कसा ढकलायचा, हे अगदी हातवारे करून सांगायचा. तरुणपणी सैन्यात तो रुग्णगाडीचा चालक होता. एकच लढाई पाहिली, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची. परत आला तो बस डेपोत लागला आणि तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाला.

त्या लढाईबद्दल शुद्धीत असताना त्यानं कधी अवाक्षर काढलं नाही. एकच वाक्य तेवढं तोंडात असायचं. जेवण झालं, पगार झाला, लेक तापातून उठली, की म्हणायचा, "वरच्याचे उपकार." लेकीची आई जिवंत होती तेव्हा पदर तोंडाला लावून हसायची. "जन्मात कधी हात जोडले नाहीत, आणि नाव मात्र वरच्याचं! भलताच गुपचूप भक्त दिसतोय." 

आणि आता हे पदकांचं खूळ. पण लेकीला ते खूळ वाटेना. माणूस सगळं विसरला, बायको विसरला, लेक विसरला, आणि नेमकी पदकंच कशी आठवतात? म्हणजे मिळायची असणार, आणि कुठल्या तरी गाढवानं नोंद केली नसणार. तिनं कोटाच्या छातीवर जाड दोऱ्याचे दोन फास शिवून ठेवले. आता एकच इच्छा उरली होती: सगळं पुसून जायच्या आत दोन पदकं त्या फासांत अडकवायची. मग खुशाल विसर म्हणावं.

सैनिकांच्या नोंदींचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, तिच्यावर 'बंद आहे' अशी पाटी होती, आणि ती पाटीसुद्धा जुनी होऊन पिवळी पडली होती. खिडकी क्रमांक चारमध्ये एक कारकून बसायचा. चष्म्याला दोरी, बोटाजवळ पानं उलटायला ओला स्पंज, आणि सुतळीनं टेबलाला बांधलेली पेन्सिल. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण हिचे तर नऊ महिने झाले. पाच खेपा झाल्या. प्रत्येक वेळी कारकून आत जायचा, बाहेर यायचा आणि तेच सांगायचा, "बाई, नोंदीत नाही म्हणजे नाही."

सहाव्या खेपेला ती खिडकीतून हटलीच नाही.

"मला माझ्या डोळ्यांनी दाखवा. माझ्या बापाचा कागद आहे, तुमच्या घरचा नाही."

मागे रांगेत कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. कारकुनानं उसासा टाकला आणि एक पिवळा कागद आणून तिच्यासमोर ठेवला. सेवापत्रक. एकाखाली एक नोंदी होत्या, वळणदार, सुबक अक्षरात. जखमा : निरंक. आजार : निरंक. विनापरवानगी रजा : निरंक. शिक्षा : निरंक. आणि सगळ्यात शेवटी, पदके : कित्ता.

"बघितलंत?" कारकून म्हणाला. "निरंक म्हणजे काही नाही. कित्ता म्हणजे वरच्याप्रमाणे. वर काय लिहिलंय? निरंक. म्हणजे पदकंही निरंक. संपलं."

कागदाला कंटाळणारी बाई असती तर खरंच संपलं असतं. पण हिचा जन्म एकासारखी एक काजं घालण्यात गेला होता. पाच काजं सरळ आणि सहावं तिरकं दिसलं की हिचे हात शिवशिवायचे.

"साहेब, चार ठिकाणी ह्यानं नीट निरंक लिहिलं. शाई संपली म्हणून पाचव्या ठिकाणी कित्ता लिहिलं का?"

कारकून हसणार होता, पण हसू अर्ध्यावर राहिलं. त्यानं चष्मा वर केला, कागद उचलला, उजेडात धरला. मग कपाळावर हात मारला.

"अरे देवा! हे पटावरून उतरवलंय!"

आणि त्यानं समजावून सांगितलं. लढाईनंतर सगळ्या तुकडीचा एक लांबच लांब पट होता, एका ओळीत एक माणूस. दोन माणसांचं सारखंच असलं, की लिहिणारा खालच्याच्या ओळीत नुसता 'कित्ता' लिहायचा, म्हणजे वरच्या माणसाप्रमाणे. पुढे प्रत्येकाला सुटं पत्रक द्यायचं ठरलं. तेव्हा कुणीतरी नकलनवीस बसला आणि पटावरची ओळच्या ओळ जशीच्या तशी उतरवत गेला. कित्ताचा कित्ता! ह्या सुट्या कागदावर वर माणूसच नाही, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

"नक्कल करायलाही अक्कल लागते," कारकून पुटपुटला. आपल्याच जातीच्या माणसाची चूक होती, त्यामुळे तो जरा ओशाळला होता.

"मग तो पट काढा."

"पट दप्तर हलवताना भिजला. लगदा झाला त्याचा. आता एकच उपाय. पटावर तुमच्या वडिलांच्या वर जो होता, त्याचं पत्रक पाहायचं. त्याचं जे, ते ह्यांचं."

"मग वरचा कोण?" लेक म्हणाली, आणि स्वतःचाच शब्द कानावर पडल्यावर ती थबकली. वरचा. जेवण झालं, पगार झाला, ताप उतरला. वरच्याचे उपकार. म्हणजे तो वरचा आभाळातला नव्हताच. आई बिचारी जन्मभर उगाच हसली.

कारकुनानं खोक्यातून एक कार्ड उपसलं. क्रमांक एकानं कमी. "दुसऱ्याचं पत्रक मला दाखवता येत नाही. नियम आहे. त्याच्या घरच्यांनी दाखवलं तर तुमचं नशीब," असं म्हणून त्यानं ते कार्ड पत्त्याची बाजू वर करून टेबलावर ठेवलं आणि तो पाणी प्यायला गेला. चांगला पाच मिनिटं पाणी पीत राहिला.

पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाचा होता. गोदामांच्या मागची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान. दारात उलटी टांगलेली चाकं, पाण्याचं घमेलं, आणि स्टुलावर बसून पंक्चर काढणारी सत्तरीची एक बाई. बोटं काळी, नजर धारदार. लेकीनं बापाचा क्रमांक सांगितला, तुकडी सांगितली. बाईनं टायरवरून हात काढला नाही.

"म्हणजे तू कित्ताची पोरगी."

"कित्ता?"

"तुझ्या बापाला तिथं सगळे तेच म्हणायचे. हजेरीला आमचे हे वर आणि तो खाली. हे 'हजर' म्हणून ओरडायचे, आणि तुझा बाप हजर म्हणायच्या ऐवजी ओरडायचा, 'कित्ता!' सुभेदारानं दोनदा पळायला लावलं म्हणे, पण खोड गेली नाही." एवढं सांगताना बाईच्या ओठांवर हसू आलं. मग ते विझलं. "हे अकरा वर्षांपूर्वी गेले. तुझा बाप आहे?"

"आहेत. पण आठवण गेली त्यांची. पदकं मागतात सारखी. काकू, काकांचा कागद दाखवाल? त्यांना जी पदकं मिळाली तीच बाबांची. नुसता पाहू द्या."

काकूनं ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, तिथं खूण केली, आणि मगच उठली. आतून तिनं पत्र्याचा डबा आणला. कागद तसाच पिवळा, तसंच सुबक अक्षर. लेकीची नजर थेट शेवटच्या दोन ओळींवर गेली. शिक्षा : हुकूम मोडून रुग्णगाडी नेली, अठ्ठावीस दिवस कोठडी. पदके : शिक्षेमुळे नामंजूर.

 ती बाजूच्या पेटीवर मटकन बसली. नऊ महिने, सहा खेपा, आणि शेवटी वरच्यालाच नामंजूर!

"आता पाणी पी आणि ऐक," काकू म्हणाली. "कारण मी हे पुन्हा सांगणार नाही."

पुलापलीकडे गाडी न्यायची नाही असा हुकूम होता. पूल दुपारी उडवायचा होता. पलीकडच्या शाळेत आपली चार जखमी माणसं राहिल्याचा निरोप आला, आणि चालवणाऱ्यानं गाडी पुलावर घातली. शेजारी बसलेला 'थांब, थांब' करत होता. चारांतली तीन जिवंत आणली त्यांनी. पाठीमागे पूल उडाला. संध्याकाळी साहेबानं दोघांना उभं केलं आणि विचारलं, गाडी कोण चालवत होतं?

"आमचे हे म्हणाले, मी."

"मग?"

"मग काय मग? ह्यांना तेव्हा गाडी येत होती कुठं! हे स्ट्रेचर उचलायला होते. चालक तुझा बाप." काकूचा आवाज चढला. "त्या दिवशी सकाळी तुझ्या बापाला घरून पत्र आलं होतं. मुलगी झाली म्हणून. हे म्हणाले मी, आणि तुझ्या बापानं मूग गिळले. सगळ्या तुकडीला मिळालं पदक. आमच्या ह्यांना कोठडी. डागाळलेला कागद घेऊन फिरले, बस डेपोत गेले, पोस्टात गेले, सगळीकडे एकच, 'हुकूम मोडणारा माणूस नको.' शेवटी हे दुकान. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी सदतीस वर्षं बघितली गं."

 ती मुलगी म्हणजे लेक स्वतःच होती. बस डेपोतल्या पगारावर तिची शाळा झाली होती, तिचं शिवणयंत्र आलं होतं.

"काका रागावले नाहीत कधी?"

"खोटं कशाला सांगू? पहिली दहा वर्षं रोज शिव्या घालायचे. तुझा बाप दोनदा इथं आला, दोनदा हाकलून दिला. तिसऱ्यांदा आला तो ह्यांना न्यायच्या दिवशी. त्या समोरच्या खांबाजवळ उभा होता. मी पाहिलं, पण बोलावलं नाही." तिनं कागदाची घडी घातली आणि लेकीसमोर धरली. "ने. पण खरं लिहिणार असशील तर ने. बापाला पदक मिळवायला माझ्या माणसाचा डाग दाखवणार असशील, तर हा इथंच राहू दे."

लेकीनं कागद घेतला, पण कबूल मात्र काही केलं नाही. 'बघते' एवढंच म्हणाली आणि मान खाली घालून निघाली.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं तो कागद वाचला आणि त्याचा चेहरा उजळला.

"बाई, तुमचं काम झालं! वरच्याला शिक्षा, म्हणून पदक नामंजूर. ठीक. पण तुमच्या वडिलांना शिक्षा निरंक. मग पदक नामंजूर कसं? दोघं एका गाडीत होते म्हणून लिहिणाऱ्यानं डोळे मिटून खाली कित्ता ओढला, सरळ चूक. हा कागद जोडून अर्ज टाका. दीड महिन्यात पदक घरपोच."

दीड महिना! लेकीचं काळीज सुपाएवढं झालं, आणि लगेच जीव कानकोंडा झाला. तिनं विचारलं, "आणि दोघांचंही एकदम दुरुस्त करायचं म्हटलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी दुसराच चालवत होता, असं निघालं तर?"

कारकुनानं चष्म्यातून तिच्याकडे नीट पाहिलं. त्याला कळायचं ते कळलं. "मग समिती बसणार. जबाब, चौकशी. दोन वर्षं, नाहीतर तीन. तुमच्या वडिलांचं स्वच्छ पत्रक डागाळणार. शेवटी पदक मिळेल का, तेही कुणी सांगावं? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, बाई. तो माणूस गेलाय. वडील आहेत."

ती कोरा अर्ज घेऊन घरी आली आणि आठवडाभर तो शिवणयंत्राच्या खणात पडून राहिला. उत्तर शोधायला ती बापाकडे पाहायची आणि तिला राग यायचा. मूग गिळून बसलास, बाबा? आणि माझ्यासाठी? मी मागितलं होतं का? मग त्याच क्षणी वाटायचं, तीन वर्षं कुठून आणायची? ह्या माणसाकडे तीन महिने तरी आहेत का?

आठव्या दिवशी सकाळी साडेसातला म्हातारा कोट घालून उभा राहिला. लेकीनं कपाट उघडलं नाही. ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, पुलावर गाडी कोण चालवत होतं?"

म्हाताऱ्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"हळू बोला, सिस्टर," तो म्हणाला. "मी. मीच चालवत होतो. पण सांगायचं नाही. मला मुलगी झालीय ना. अजून पाहिली नाही मी तिला." त्यानं कोटाचं बटण लावलं, परत काढलं. "तो आत आहे कोठडीत. मी रोज ठरवतो, आज साहेबाला सांगायचं. रोज कोट घालतो. पण पाय उचलत नाही हो."

लेकीनं त्याचे दोन्ही हात धरले. मग त्याचाच रोजचा प्रश्न तिनं त्याला विचारला. "तुमची दोन पदकं कुठे आहेत, बाबा?"

"माझी कुठली दोन?" म्हातारा चक्क चिडला. "एकेकाला एकेकच देतात. दोन म्हणजे आमची दोघांची."

नऊ महिने हा माणूस 'आमची' म्हणत होता, आणि लेक समजत होती की जुन्या लोकांची बोलायची तऱ्हा. पुलाचं त्याचं सांगणं तिनं शब्द न् शब्द एका कागदावर उतरवून घेतलं. चहा गार झाला, समोरच्या दारातून कुणी गिऱ्हाईक हाका मारून परत गेलं.

दहा वाजता ती खिडकी क्रमांक चारपुढे उभी होती. अर्ज तिनं तिथंच भरला, सुतळीला बांधलेल्या पेन्सिलीनं नव्हे, स्वतःच्या पेनानं. पहिल्या ओळीत वरच्याचं पूर्ण नाव आणि क्रमांक. पुढे लिहिलं, की गाडी ह्यांनी चालवली नाही, चालकाचं सांगणं सोबत जोडलं आहे. ज्या हुकूम मोडण्यानं तीन माणसं जगली, त्याची शिक्षा कागदावरून काढावी. पदक द्यावं. आणि दुसऱ्या ओळीत, चालक म्हणून, तिच्या बापाचं नाव, क्रमांक.

कारकुनानं अर्ज वाचायला घेतला. पहिली ओळ वाचताना त्याची मान हलत होती, नको नको अशी. दुसऱ्या ओळीवर तो थांबला.

हुकूम मोडल्याचा दोष : कित्ता. पदक : कित्ता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "अजून फाडता येईल. कुणाला कळणार नाही."

"शिक्का मारा, साहेब."

त्यानं मारला. मग स्पंजावर बोट टेकवून उगाचच दोन पानं उलटली आणि पुढच्या माणसाला हाक दिली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला कोट आला, आरसा आला, प्रश्न आला.

"आमची पदकं?"

"अर्ज टाकलाय," लेक म्हणाली. "वरच्याला मिळालं की तुम्हालाही मिळेल."

म्हातारा आरशातून तिच्याकडे पाहत राहिला. "आणि गाडी कोण चालवत होतं, ते?"

"तेही लिहिलंय. साहेबानं वाचलं."

"काय म्हणाला साहेब?"

"काही नाही म्हणाला. शिक्का मारला."

म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला. त्यानं कोट काढला, दोऱ्याचे दोन्ही रिकामे फास बोटानं चाचपले, आणि कोट स्वतःच्या हातानं खुंटीला लावला. इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा त्यानं तिला चोर म्हटलं नाही.

"बरं झालं, सिस्टर," तो म्हणाला. "आता माझ्या घरी एक पत्र टाका. म्हणावं, लेकीला बघायला येतोय."

"टाकते," लेक म्हणाली, आणि त्याच्या कोटाची बाही उगाचच सरळ करत राहिली.